उडी मारून पलीकडे

ता. १४ मार्च, शनिवार

ती. आई,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. लेकीचा खोकला गेला. पुढचे दात पडलेत, त्यामुळे तुमची नात सध्या बोलताना शिट्टी वाजवते. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावायचा कंटाळा करू नका. तुम्हाला सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडणच झालं. "डोळ्यांसमोर धोक्याचं चित्र लावलेलं असताना पोरगा तिथे गेलाच कसा?" असं तुम्ही विचारलंत आणि मी उठून निघून आले. मळणी यंत्राच्या मालकांनीच तुमच्या मनात ते भरवलं होतं. मला तुमचा राग नव्हता आला, पण त्या चित्राची गोष्ट तेव्हा सांगता आली नसती.

मी परत मळणीच्याच कामाला लागले होते. दुसरं मिळालं नाही. ट्रॅक्टर ज्या दांड्याने मळणी यंत्र फिरवतो, त्याच्या शेजारी ते पिवळं चित्र अजून आहे. त्यात एक काळा माणूस, हात एकीकडे, पाय भलतीकडे. आम्ही सगळे त्याला कोलांट्या म्हणायचो. हे तर रोज सकाळी त्याची चौकशी करायचे, "काय रे कोलांट्या, जेवलास का?" कोळशाने त्याला मिशा काढल्या त्याही ह्यांनीच. तुमचाच लेक, दुसरं कोण असणार!

आई, त्या चित्राचा अर्थ आम्हाला कुणीही सांगितला नव्हता. मग आम्ही आपला लावला. इथे पाय घासत जायचं नाही, टुणकन उडी मारायची. पोती दांड्याच्या पलीकडे, आणि वळसा घालून गेलं की मुकादम ओरडायचा. उडीच्या बाबतीत सगळ्यांत काटेकोर हेच. कुणी सावकाश पाय टाकून ओलांडू लागलं की म्हणायचे, "अहो मावशी, चित्र बघा की! उडी मारा!"

त्या दिवशीही हे उडी मारूनच येत होते. मी पलीकडे पोत्याचं तोंड धरून उभी होते. सदऱ्याचं टोक दांड्यात अडकलं.

दवाखान्यात तुम्ही चादर बाजूला करायला गेलात तेव्हा मी तुमचा हात घट्ट धरला. त्यावरून तुम्ही मला बोललात. आज लिहिते. हे चित्रातल्यासारखे झाले होते, आई. अगदी तसेच.

तेव्हापासून तो कोलांट्या माझी पाठ सोडत नाही. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांत दिसतो. लेक दुपारी पोत्यांवर हातपाय फेकून झोपते, आणि मी हातातलं काम टाकून जाते, तिचे हातपाय सरळ करते. ती चिडते. आमच्यासोबत कामाला असलेल्या मावशी म्हणतात, झोपू दे की पोरीला. मला भीती वाटते, काय करू?

काल तपासणीच्या बाई आल्या होत्या. यंत्रांवरची चित्रं कामगारांना कळतात का, हे विचारायला. मुकादमाने आदल्या दिवशीच सगळ्यांकडून उत्तर घोकून घेतलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, दांडा फिरताना जवळ जायचं नाही, एवढंच म्हणा. आणि हे आम्हाला आधीपासून सांगितलं होतं म्हणा. तुमचं काम राहील." सांगितलं होतं म्हटलं, की हे आपल्याच चुकीने गेले असं कायमचं ठरणार.

माझी पाळी आली. बाईंनी त्या चित्रावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "इथून उडी मारून जायचं."

मुकादम घाईने पुढे आला. "धक्का बसलाय हो तिला."

"माझ्या नवऱ्याला ह्याचा हाच अर्थ ठाऊक होता," मी म्हटलं, "आणि त्याने तसंच केलं."

मग मागून मावशी म्हणाल्या, "खरं आहे बाई. मलाही त्यानेच शिकवलं. काळजीने शिकवलं."

सोमवारपासून मला आणि मावशींना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. पुढच्या रविवारच्या गाडीने मी लेकीला घेऊन तुमच्याकडे निघते आहे.

आई, तुमचा मुलगा बेपर्वा नव्हता. लहानपणापासून सांगितलेलं ऐकायचा, हे तुम्हीच कौतुकाने सांगायचात. तो ऐकूनच गेला.

त्याची बायको,
आणि दार उघडलंत तर तुमची सून