जुबेदाच्या हाका

२ जाने., कळंब
कादंबरी अकराव्या प्रकरणात अडकलीय. निजामाचं राज्य, गावात रझाकार शिरलेत, माझी तेरा वर्षांची नायिका, सुंदर, कडब्याच्या गंजीत दडलीय. आठवी-नववीच्या पोरांसाठी लिहितेय. पण सुंदर दडते नि पुढं काही घडतच नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाचून दाखवायलाही कोणी नाही. आज मोठ्यानं वाचलं, एकटीनंच.

५ जाने.
एसटीनं जळकोटला, गयाआत्याकडं. सुंदर म्हणजे लहानपणची आत्याच. नव्वदीची, पण कान शाबूत. म्हटलं, कडब्याची गोष्ट पुन्हा सांगा.
"कडब्यात न्हाय दडले म्या. तुझ्या आजोबांनी तसं सांगायला लावलं."
मग कुठं?
"जुबेदाच्या घरी. मैत्रीण मही. तिच्या आईनं मला दाण्याच्या कणगीत बसवलं, वर गोधडी टाकली. रझाकार आले तर म्हणली, घरात कुणी न्हाय."
जन्मभर ऐकलेली गोष्ट खोटी निघाली. चहा तसाच राहिला.

६ जाने.
मुक्काम इथंच. सकाळी हरभऱ्याची भाजी निवडताना आत्या आपण होऊन बोलली. निजाम हरला, फौज आली, गाव उलटलं. रझाकार पळाले. राहिली जुबेदाच्या घरच्यांसारखी साधी मुसलमान माणसं. लोक त्यांच्यावर धावून गेले. जुबेदा आमच्या दारात आली. "गया, दार काढ" म्हणून हाका.
"आबांनी, तुझ्या आजोबांनी, कडीवर हात ठेवला हुता. म्या मागं हुते. त्वांड उघडलं न्हाय."
पुढं?
"पुढं हाका थांबल्या."
तिचं काय झालं, आत्याला ठाऊक नाही. भाजी निवडत राहिलो दोघी.

९ जाने., कळंब
धाराशिवला दादाला फोन. सगळं सांगितलं.
"आजोबांचं नाव गावच्या कमानीवर आहे, स्वातंत्र्यसैनिक म्हणून. आणि तू पोरांच्या पुस्तकात हे घालणार? आत्याला भ्रम झालाय."
"भ्रम नाही, दादा."
"मग मला भाऊ म्हणू नकोस."
फोन ठेवला त्यानं. त्याच्याशिवाय मला आहे तरी कोण.

१४ जाने.
संक्रांत. दरवर्षी दादाकडं असते. यंदा बोलावणं नाही. शेंगाच्या पोळ्या दोन केल्या, एक उरली. दिवसभर लिहिलं. सुंदर आता कडब्यात नाही, दाराच्या आत उभी आहे.

१९ जाने.
पुन्हा जळकोट. आत्याला प्रकरण वाचून दाखवलं. सुंदर कडी काढायला धावते, बाप तिला मागं ढकलतो, असं लिहिलं होतं. तिथं तिनं हात वर केला.
"म्या धावले न्हाय. ते काढ."
"पोरं तुम्हाला वाईट म्हणतील, आत्या."
"म्हणू दे. तिनं आबाला न्हाय, मला हाक मारली हुती."
परतीच्या गाडीत ते वाक्य खोडलं. शेजारच्या बाईनं विचारलं, डोळ्यात काय गेलं. कचरा म्हटलं.

२४ जाने.
प्रकाशकाकडं द्यायच्या आधी प्रकरणाची एक झेरॉक्स दादाला पाठवली होती. चार दिवस काही नाही. रोज फोन चार्ज करून ठेवते, वाजत नाही.

२५ जाने.
सकाळी वहिनीचा फोन.
"ह्यांनी सगळं वाचलं. दोन दिवस जेवण नीट नाही. आत्ता गाडी काढून जळकोटला गेले."
"कशाला?"
"विचारलं. आत्याच्याच तोंडून ऐकायचंय म्हणाले."
आत्याला फोन लावतेय मघापासून. रिंग जाते, उचलत नाही कुणी.