जर्दाळूवाला मिर्झा

प्रिय मिर्झा,

बिस्मिल्ला. इथे नारिनमध्ये आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहिणार होते, पण खोटं लिहून कागद कशाला वाया घालवू? जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहितेय, हसू नकोस. तुझे जर्दाळू पोचले. कुबातचा त्यावर किती जीव, तुला ठाऊक आहे. यंदा मात्र त्याने हात लावला नाही. त्यात कोणीतरी काहीतरी घातलंय म्हणे.

हिवाळ्यापासून माझ्या ह्या लेकाला समोर नसलेली माणसं ऐकू येतात. दोघं आपसात त्याच्याबद्दल बोलतात. "बघ, बादली उचलली. बघ, आता सांडणार." मेंढ्यांकडे जाणं सुटलं, अंघोळ सुटली. शेजारच्या बातमाआजी म्हणाल्या, "पूर्वज बोलावतायत गं, दर्ग्यावर ने." नेलं, दुआ मागितली. मग ह्यांना म्हटलं, डॉक्टरही अल्लानेच घडवलेत, चला.

डॉक्टर चिनारा वयाने लहान, पण घाई अजिबात नाही. दर्ग्याचं ऐकून हसली नाही. म्हणाली, "तिथे पुष्कळांना ऐकू येतं ताई, पण ते घरी येऊन जेवतात, कामाला लागतात. ह्याचं तसं होतं का?" नाही होत. मग रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, नशापाणी विचारलं, झोप, उदासी, सगळं. मला धीर निघेना. "बाई, एकदाचं नाव सांगून टाक." तर म्हणते, "आवाज आले म्हणजे तोच आजार असं नाही. दुसरं काही नाही ना, हे आधी बघू. आणि हे सगळं निदान महिनाभर टिकून आहे ना, तेही."

मग विचारलं, घरात आधी कोणाला? मी म्हटलं, मिर्झाला. तिने लिहून घेतलं, मिर्झा. हे खो खो हसले, "अगं, त्याचं नाव मिर्झा कुठंय?" सून होऊन आले तेव्हापासून रीतीप्रमाणे तुझं खरं नाव ओठावर आणलं नाही, ते दवाखान्यात कुठून येणार? चिनाराही हसली. "मीही सूनच आहे ताई. माझ्या दिराला मी लंबू म्हणते. पण आजाराचं नाव घ्यायला हवं, तो काही आपला सासरचा नाही."

शेवटी तिने नाव घेतलं. स्किझोफ्रेनिया. तुझा तोच, जो सासूबाई 'त्याला तिकडे दक्षिणेला बातकेनची हवा मानवते' म्हणून झाकायच्या. तुझ्या कागदावर पुढे आणखी एक शब्द होता, प्रकाराचा. ह्याचा प्रकार कोणता, मी विचारलं. ते कप्पे आजारांच्या नव्या यादीतून गेले म्हणे. आता काय काय होतंय, किती होतंय आणि कितव्यांदा, एवढंच नोंदवतात. तिने लिहिलं, पहिली वेळ. मला तो शब्द बरा वाटला.

औषधाने आवाज दबलेत. काल त्याने एक जर्दाळू खाल्ला. आधी मला एक खायला लावला, तो भाग वेगळा! पण गोळीसाठी रोज भांडण. परवा म्हणाला, "आई, हे नाव लागलेलं कोणी म्हातारं झालंय का? मग गोळ्या कशाला?"

म्हणून हे पत्र. मी म्हटलं, झालंय की, तुझा बातकेनचा काका. तर म्हणतो, थट्टा करतेस. तेव्हा बर्फ वितळून खिंड उघडली की ये. उपदेश नको, आजाराचं बोलणंही नको. त्याच्यासमोर बस, चहाबरोबर तुझी गोळी घे आणि टोपी काढून ठेव. तुझे पांढरे केस त्याला दिसू देत.

तुझीच वहिनी,
अनारकुल