शेवटची पायरी सोन्याची

प्रिय मानांग रेमी,

घर मिळालं! फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच "जेवलीस का गं?" विचारतेस आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून लिहायला बसलेय. किल्ली समोर टेबलावर आहे. अजून माझा विश्वास बसत नाही.

तूच विचार कर. या इंग्लंडने मला राहू द्यायचं कबूल केलंय ते अजून दोन वर्षं. पुढचं पुढे. आणि बँक म्हणते, पंचवीस वर्षं हप्ते भर! वेडं कोण, ते की मी? पहिल्या बँकेने व्हिसा पाहिला आणि दारातूनच परत पाठवलं. मग मोइराबाई भेटल्या. कर्ज जुळवून देणं हा त्यांचा धंदा, आणि तोंड आपल्या इलोइलोच्या मासळीबाजारातल्या बायांसारखं. दुसऱ्या बँकेला त्यांनी फोनवर सुनावलं, "अहो, उद्या तुमची आई हॉस्पिटलात पडली तर तिची कूस हीच नर्स बदलून देणार आहे. व्हिसाच बघत बसता का?" त्या बँकेने मग माझं सगळं आयुष्य उलटंपालटं करून पाहिलं. दर महिन्याला पैसे कुणाला पाठवता? मानांगला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला. कशासाठी? माझी जोयलिन तिच्याकडे असते. जोयलिनचे वडील? बोटीवर नोकरीला होते, वादळात गेले. माझी उत्तरं लिहून घेता घेता मोइराबाई थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, "केवढी आहे?" सात वर्षांची, म्हटलं. सोडून आले तेव्हा चारची होती.

घर बघायला गेले तेव्हा मात्र मी घोळ घातला. घरमालक क्लेगआजोबा, जन्मभर बस चालवलेले, आता एकटेच. वर दोन खोल्या, धाकटीची खिडकी शाळेच्या मैदानावर उघडते. मी जिना चढायला लागले आणि सवयीने ओठांत सुरू झालं, सोनं, चांदी, मरण, सोनं, चांदी, मरण. बाबा प्रत्येक जिना असाच मोजून बांधायचे ना! इथे शेवटची पायरी मरणावर आली. मी तिथूनच खाली उतरले आणि "नको" म्हणाले. मोइराबाईंनी कपाळावर हात मारला. "बँक हो म्हणायच्या बेतात, आणि आता तूच नाही म्हणतेस!" आजोबांनी कारण विचारलं, मी लाजत सांगितलं. ते हसत सुटले. "म्हणजे चाळीस वर्षं मी वर मेलेलाच झोपतोय की काय?" मीही हसले, पण खोलीवर येऊन खूप रडले. माझ्या ऐपतीत तसं घर पुन्हा मिळणार नव्हतं.

आठवड्याने आजोबांनीच बोलावलं. जिन्याच्या पायथ्याशी रंगवलेली, पक्की ठोकलेली एक नवी पायरी. "मोज आता," म्हणाले. मोजलं. सोनं! मानांग, ना नात्याचा ना गावचा, पण माझी भीती ऐकून त्या माणसाने स्वतःच्या घरात पायरी वाढवली. दुसरं कुणी जास्त पैसे देत होतं, तरी माझ्या बँकेचा होकार येईपर्यंत थांबला. मी त्यांचा हात धरून माझ्या कपाळाला लावला, आपण थोरांचा लावतो तसा. त्यांना वाटलं, नर्स ताप बघतेय. "मी ठणठणीत आहे गं," म्हणाले.

आता खरं लिहिते, ज्यासाठी बसलेय. ती धाकटी खोली जोयलिनची आहे. तिला इथे आणता येतं, पण भाड्याच्या खोलीत पोर चालत नव्हतं, म्हणून हा सगळा खटाटोप. मला ठाऊक आहे, ती तुला आई म्हणते आणि मला नुसतं डेलिया. बँकेने चार भिंती देण्याआधी शंभर प्रश्न विचारले. तू माझी पोर कडेवर घेतलीस तेव्हा एकही विचारला नव्हतास. आता विचार. हवे तितके विचार, मी उत्तरं देईन. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही, हप्ते भरत वाट बघेन. नव्या घरात सगळ्यांत आधी तांदूळ आणि मीठ न्यायचं असतं, ते मी अजून नेलेलं नाही. तिला घेऊन येशील तेव्हा ते तुझ्या हातून जाऊ दे. आणि निघण्याआधी तिला पायऱ्या मोजायला शिकव. माझ्यापेक्षा तुझं ती जास्त ऐकते.

तुझीच,
डेलिया