इलियासची वीत आणि माझा बंपर

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, सकाळ

प्रिय इलियास,

सलाम, नमस्कार आणि पाठीत एक जोराचा धपाटा. गुडघे कसे आहेत? हैदराबादचं पाणी मानवलं का? सूनबाई, नातवंडं मजेत असतील. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. (जीप ठीक नाही, तिच्यासाठीच हे पत्र.) फोनच करणार होतो, पण तू फोनवर नुसतं "हां, हां" म्हणतोस आणि तो सूनबाईंच्या हातात देऊन मोकळा होतोस. गौहरभाभी गेल्यापासून तू असाच झाला आहेस. पत्र मात्र तुलाच वाचावं लागेल.

तर झालं असं. निवृत्तीनंतर घरात बसून बसून मी कंटाळलो होतो, त्यात क्रांती चौकात एक जीप दिसली. पुढे काळा जाडजूड बंपर, त्यावर विंच (म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), पिवळे दिवे आणि पाइपांचा दणकट गार्ड. मनात आलं, आपल्या म्हातारीला हे का नको? आता आमच्या कॉलनीत रुतायला चिखल नाही, पण शौकाला कारण लागतं थोडंच! तुझ्या वेल्डिंगच्या गाळ्याला कुलूप, म्हणून सांडू वेल्डरकडे गेलो. त्याचा हात चांगला आहे. त्यानं विचारलं, "काका, रेडिएटरच्या जाळीपासून गार्ड किती लांब धरू?" मी म्हटलं, "दोन विती. इलियास तेवढंच धरायचा." आणि ऐटीत माझीच वीत टेकवून दाखवली.

इथंच माती खाल्ली. तुझा पंजा म्हणजे फावडं, माझा जन्मभर कचेरीत शिक्के मारलेला. शिवाय तुझी पद्धत मी पार विसरलो. तू लासूर स्टेशनच्या बाजाराला जाणाऱ्या जीपगाड्यांना मागे पायऱ्या आणि वर कॅरियर करून द्यायचास, तेव्हा कचेरी सुटली की मी तुझ्याकडेच येऊन बसायचो. तू आधी वेल्डिंगचे नुसते कच्चे टाके मारायचास. मग दारं, बॉनेट, सगळं उघडून-मिटून बघायचास. मग चहा. आणि चहा पोटात गेल्यावर पक्कं वेल्डिंग. चहाबरोबर भाभींचा निरोप यायचा, की शर्ट काढून काम करा म्हणावं, ठिणग्यांनी इतकी भोकं पडलीत की रफू करायला कापडच उरलं नाही. तू हसायचास, आणि दुसऱ्या दिवशी तोच शर्ट. त्या चहाची आठवण आली की अजून मला चैन पडत नाही, खरं सांगतो.

मी सांडूला म्हटलं, टाके कशाला, पक्कंच मार. त्यानं मारलं. बघायला गाडी राजेशाही झाली! त्याच आठवड्यात पुतण्याचं लग्न होतं, म्हणून आम्ही उभयता कन्नडला निघालो. दौलताबादच्या चढावर म्हातारीच्या नाकातून वाफ निघाली. द्वारका पाण्याची बाटली घेऊन उभी, आणि बॉनेट उघडायला जावं तर ते बोटभर वर येऊन गार्डला अडतंय. आपल्या हातात पाणी, तहानलेली गाडी समोर, आणि मध्ये माझी हौस. एक शेळीवाला थांबला, सगळं निरखून म्हणाला, "लई मजबूत काम हाय. उघडायचंच नाय." शेवटी एका ट्रकवाल्यानं पाना दिला, अख्खा बंपर खोलून मागून पुढच्या सीटपर्यंत आत टाकला, आणि जागा न उरल्यानं द्वारका विंचवर बसून कन्नडला आली. (साडीला ग्रीस लागलं होतं.) मांडवाच्या दारात लोकांना वाटलं, आम्ही आहेर आणलाय. दोघं तर उचलून आत न्यायलाही आले.

असो. प्रकृतीला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बद्रीनाथ

ता. क. सांडू म्हणतो, गार्ड कापून पुन्हा जोडतो, फक्त खरं माप द्या. तेव्हा कागदावर पंजा ताणून ठेव, नातवाकडून भोवती पेन्सिल फिरवून घे आणि पोस्टानं पाठव. एवढंच काम होतं.

आणखी एक. तू गाळा विकायला काढल्याचं तुझ्या मुलाकडून कळलं. चावी माझ्याकडे, म्हणून एक जण बघायला आला होता. मी त्याला सांगितलं, पत्रा गळतो, भिंतीला ओल आहे आणि शेजारी भांडकुदळ आहे. (शेजारी कुणीच नाही, म्हणून मीच जरा भांडून दाखवलं.) तो गेला. तुझं नुकसान झालं असेल तर समोर उभा राहून शिव्या घाल, फोनवर मी ऐकणार नाही.

शेवटचं. पत्र द्वारकेला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "पंजाचा कागद कशाला मागवता? कागद आल्यावर इलियासभाऊ कशाला येतेत?" बाई बरोबर बोलली. बंपर तुझ्याच गाळ्यात नेऊन ठेवलाय, सांडूला हात लावू देत नाही. कागद पाठवू नकोस, इलियास. तू ये.