भांडणाच्या कामास मान्यता मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विद्यार्थी अर्धवेळ कामवाटप कक्ष,
द्राव्स्की ब्रोद.

विषय : श्रीमती रोझालिया शोक्चेविच यांच्याकडे दुपारच्या वेळी भांडण्याच्या कामास मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ : तपासनीस श्री. बेन्कोविच यांचा अहवाल व त्यावरून काम थांबवण्याबाबत आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, मी खाली सही करणारी तिहाना वुकेलिच, विधी शाखा, द्वितीय वर्ष, आपल्या निदर्शनास आणू इच्छिते की,

१. गेल्या शरदात मी अर्धवेळ कामाच्या शोधात होते. माझा स्वभाव भिडस्त असल्याने दोन ठिकाणांहून मला परत पाठवण्यात आले. कॉफीगृहाच्या मालकांनी कारण दिले, "गिऱ्हाईक काय मागतंय ते तुला ऐकू येतं, पण तू काय म्हणतेस ते कुणालाच ऐकू येत नाही." रोमन कायद्याच्या तोंडी परीक्षेतही मी दोनदा गप्प बसून नापास झाले होते. अशा स्थितीत बेकरीच्या दारावर पुढील जाहिरात आढळली : 'विद्यार्थी पाहिजे. दुपारी भांडायला. मिळमिळीतांनी येऊ नये.'

२. जाहिरात देणाऱ्या श्रीमती शोक्चेविच (यापुढे 'काकू') यांचे पती कै. आंद्रिया यांचे मागील वसंतात निधन झाले. संपूर्ण संसारात उभयतांचे एकाही गोष्टीवर एकमत झाले नव्हते, असे शेजारी अभिमानाने सांगतात. काकूंचे म्हणणे असे की, "रडायचं ते रडून झालं. आता घरात कुणी 'नाही' म्हणत नाही, तेवढं सोसवत नाही."

३. पहिल्या दिवशी काकूंनी मला कॉफी देऊन विचारले, "कशी झालीये?" मी सवयीने "छान" म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "ही छान? हिच्याकडे बघून डुक्करही तोंड फिरवील. जा घरी, पोरी." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि कप हातात येण्यापूर्वीच म्हणाले, "पाणचट असणार."

"पाणचट? तुझ्या आईनं कधी कॉफी पाहिलीय?"

"आईनं नसेल. मी पाहिलीय. ही ती नव्हे."

महोदय, काकूंचा चेहरा त्या क्षणी असा उजळला की काय सांगावे. त्यांनी माझ्या बशीत खसखशीच्या रोलचा जाड तुकडा टाकला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये. आणि केस विंचरून ये, भूत दिसतेस." मी म्हणाले, नाही विंचरणार. अशा रीतीने माझी नेमणूक झाली.

४. नियमानुसार करारासाठी मी आपल्या कक्षात हजर झाले. काउंटरवरील श्रीमती यास्ना यांनी सहानुभूतीने संपूर्ण सूची वाचून दाखवली. तीत 'भांडण' हा प्रकार नाही. प्रथम 'वृद्धसेवा' सुचवण्यात आली. त्यासाठी काकू अशक्त असल्याचा दाखला लागतो. दाखला देण्यास आलेले डॉक्टर फाटकापर्यंत धावत गेले आणि मागून काकू, "अशक्त कुणाला म्हणतोस रे? थांब, थांब की!" असे ओरडत, त्यांच्याहून थोड्या वेगाने. 'मनोरंजन व पाठांतर' या प्रकाराला प्रेक्षक लागतात. 'शिकवणी'मध्ये शिक्षक कोण व विद्यार्थी कोण हे लिहावे लागते, आणि त्यावर आमचे दोघींचे जे झाले ते इथे लिहिण्याजोगे नाही. अखेर श्रीमती यास्ना यांनी कंटाळून मला 'मालाची चढउतार' या प्रकारात घातले. मालाचे स्वरूप या रकान्यात त्यांनी 'शाब्दिक' असे लिहिले.

५. कामाचे स्वरूप थोडक्यात असे. खिडकी उघडी असावी की बंद, हा मुख्य विषय. काकूंच्या मते वाऱ्याच्या झोताने माणूस मरतो. मी उघडी ठेवण्याच्या बाजूने बोलत असे. एकदा मी म्हणाले, "झोतानं मेलेला एक माणूस दाखवा." त्या स्वयंपाकघरातल्या काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, "तोही हेच म्हणायचा. तोही मूर्खच होता. बोल पुढे." मी पुढे बोलले. थांबणे योग्य नाही, एवढे मला कामावर राहून कळले होते.

६. हिवाळ्यात मी रोमन कायद्याची तोंडी परीक्षा तिसऱ्यांदा दिली. प्राध्यापक म्हणाले, "हे चूक आहे." माझ्या तोंडून निघून गेले, "कसं चूक? पुस्तक उघडा." पुस्तक उघडण्यात आले. मी उत्तीर्ण झाले. ही बातमी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "प्राध्यापक बावळट दिसतोय." मात्र त्या दिवशी त्यांनी लाल मिरचीचे माशांचे कालवण केले होते, आणि ते सहज होत नसते.

७. त्यानंतर चढउतारीची पाहणी करण्यास तपासनीस श्री. बेन्कोविच आले. त्यांना घरात माल आढळला नाही. त्यांनी फक्त एवढेच म्हटले की, "बाई, जरा खिडकी उघडा, उकडतंय." पुढील हकिकत त्यांच्या अहवालात नाही म्हणून इथे नमूद करते. काकू बोलल्या. साहेब बोलले. साहेबांनी कोट काढला. विषय खिडकीवरून कालवणावर आला. ते पळीने ढवळावे की भांडे हलवावे, यावर साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "माझी आई ढवळायची!" काकू म्हणाल्या, "म्हणूनच तू असा झालास." साहेबांनी दोन वेळा कालवण वाढून घेतले आणि घसा बसल्यामुळे हातानेच निरोप घेतला. फाटकाशी ते हसत होते, हे मी स्वतः पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल दिला : 'चढउतार होत नाही. विनापरवाना भांडण चालते.'

८. आपल्या पत्रान्वये माझा करार रद्द झाला. 'पाहुणी म्हणून जाण्यास हरकत नाही, मात्र भांडण आढळल्यास ते बेकायदा काम समजण्यात येईल व अर्जदाराची वसतिगृहातील खोली काढून घेण्यात येईल,' असेही आपण कळवले. दुर्दैवाने हे पत्र मी काकूंना वाचून दाखवले. माझी खोली जाईल या धास्तीने त्यांनी ते मनावर घेतले.

९. तेव्हापासून मी पाहुणी म्हणून जाते. मी म्हणते, खिडकी उघडू का? त्या म्हणतात, "उघड." मी म्हणते, नको, बंदच बरी. त्या म्हणतात, "कर बाई बंद." मी खिजवून पाहिले. आंद्रियाकाकांचे सगळेच बरोबर असणार, असेही म्हणाले. त्या फक्त हसल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तू अभ्यास कर. खोली सांभाळ." परवा मी मुद्दाम म्हणाले की कालवणात साखर घालायला हवी. महोदय, साखर! काकू म्हणाल्या, "असेलही."

डॉक्टरांना पुन्हा बोलावले. ते भीत भीत आत आले. काकूंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. बाहेर येऊन डॉक्टर मला म्हणाले, "आता हवा असेल तर दाखला देतो."

१०. तो दाखला मला नको आहे. सबब विनंती की, आपल्या सूचीत 'भांडण (घरगुती)' हा प्रकार समाविष्ट करून माझा करार पुन्हा चालू करण्यात यावा. ते शक्य नसल्यास मला कोणत्याही प्रकारात, अगदी गटारसफाईतही, दाखवावे. तेही शक्य नसल्यास श्री. बेन्कोविच यांना सरकारी कामाच्या नावाखाली दर आठवड्याला तिथे पाठवावे. त्यांची ना नसेल, असे वाटते. आणि यांपैकी काहीच न झाल्यास मी येत्या सोमवारपासून तिथे उघडपणे भांडणार आहे. खोलीचे आपण काय ते करावे.

आपली नम्र (परंतु हल्ली कमी),
तिहाना वुकेलिच
द्राव्स्की ब्रोद, दि. ११ मार्च

ता. क. : पाठवण्यापूर्वी हा अर्ज काकूंना वाचून दाखवला. त्यांनी एकही चूक काढली नाही. कृपया त्वरा करावी.