लपवायला आठवण लागते

दादा, वडप्याला हायवेलगत तुमच्या मुलाने जे स्मृती-तपासणी केंद्र उभं केलं आहे, त्यावर तुमच्या नावाची पाटी लागणार नाही. ही बातमी तुम्हाला इतर कुणाकडून कळण्यापेक्षा तुमच्या मुलीकडून कळावी, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन दीड तप उलटलं. तुमच्या कापड विणायच्या लूम भंगारात गेल्या, कारखान्याच्या जागी इमारत आली, आणि ज्या जमिनीत आपला भात पिकायचा तिथे आता धाकट्याची गोदामं आहेत. त्यांतल्या एकाचा पुढचा भाग त्याने या केंद्राला दिला. जागा त्याची, शास्त्र माझं. पाटीचा मजकूर मात्र त्याने मला न विचारता तयार करून आणला होता: तुमचं नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ', आणि कोपऱ्यात लग्नातल्या फेट्यासकट तुमचा फोटो. मी आधी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि मग नाव पूर्ण खोडलं.

मी काय काम करते, हे तुम्ही भानावर होतात तोवर कधी विचारलं नाहीत, आणि विचारलंत तेव्हा उत्तर साठवायला तुमच्याकडे जागा उरली नव्हती. म्हणून आता सांगते. तुम्हाला जो आजार झाला, त्याचा शोध आम्ही तो दिसू लागण्याच्या आधी घेतो. माणूस धडधाकट असतो, व्यवहाराला चोख असतो, सगळ्या नातवंडांची नावं त्याला पाठ असतात. आणि तरीही त्याच्या मेंदूत एका प्रथिनाचा गाळ, लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून, साचत असतो. तो विशिष्ट स्कॅनवर दिसतो, आता रक्तातही त्याचा माग लागतो. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना अल्झायमर झाला होता, पण ज्यांची स्वतःची काहीच तक्रार नाही, अशी माणसं आम्ही बोलावतो, त्यांचं रक्त घेतो, त्यांना शब्द आणि आकृत्या लक्षात ठेवायला सांगतो, आणि ठरावीक काळाने पुन्हा बोलावतो. निरोगी माणसात आजार शोधणं लोकांना चमत्कारिक वाटतं. तुम्हाला वाटलं नसतं. लूमवर उभ्या ताण्याची एखादी तार तुटते, विणकराच्या लक्षात येत नाही, लूम चालूच राहते, कापड निघतच राहतं. ती उणी तार दिसते ती थेट विणलेल्या कापडाचा ताका तपासणीला फोल्डिंगच्या खोलीत आल्यावर, काचेच्या टेबलाखालची ट्यूबलाइट पेटली की. मग तुम्ही ताका उलटा उलगडत न्यायचात, तार जिथे तुटली त्या जागेपर्यंत, आणि दोन्ही पाळ्यांच्या विणकरांना समोर उभं करायचात. "सेठ, रातवाले की है." "झूठ बोलता है सेठ, मेरे को लूम मिला तब्बीच टूटा था." तुम्ही कापडावर बोट टेकवायचात. "इधर से. बोलो, किसकी ड्युटी?"

शाळेतून आले की तुम्ही मला त्या टेबलाशी उभी करायचात. मी कापडातली उणी तार दाखवली की तुमच्या ओठाची एक कड वाकडी व्हायची. "ही त आंधल्याला बी दिसंल. सुरू कुटून झाली ते दाखव." मी आज स्कॅन वाचते तो डोळा तुमचा आहे, हे मी मान्य करते, तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे. आणि त्याच डोळ्याने मी तुमचं आयुष्य मागे उलगडत नेलं आहे, त्यातल्या एका शनिवारपर्यंत.

तो पगाराचा शनिवार. मुंबईच्या गिरण्या बंद पडताहेत, भिवंडीत लूम दिवसरात्र धडधडताहेत, आणि साऱ्या गल्लीत तुमचा शब्द चालतो आहे. मी दहावीत आहे, धाकटा नुकता बोलायला लागला आहे. फोल्डिंगच्या खोलीत दोन ताके कमी भरले. खोलीच्या चाव्या दोन, एक तुमच्या खिशात आणि एक आईच्या कमरेला. आई माणसांसाठी चहाची किटली घेऊन आली तेव्हा विणकर, कांड्या भरणाऱ्या बाया, मुकादम, सगळे पगारासाठी दाराशी जमले होते. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "ताके कुटं धाडलंस? अकलोलीला?" अकलोली म्हणजे आईचं माहेर. आईला ती थट्टा वाटली. "तर वो! माजे भाव आता तुमच्या ताक्यांचे लंगोट शिवनार हायेत." बाया खो-खो हसल्या, आणि त्या हसण्याने तिचा घात केला. तुम्ही उठलात. तिच्या हातातली किटली घेतलीत, अगदी सावकाश, एक थेंब सांडू न देता, आणि टेबलावर ठेवलीत. मग तिच्या कमरेची चावी ओढून काढलीत. "चोराच्या हातचा चाय माज्या मानसांना न्हाय लागत. जा. भावांच्या घरी ऱ्हा." आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती तशीच, पायांत चपला न घालता, उन्हात बाहेर पडली. संध्याकाळी मामा येऊन तिला घरून घेऊन गेले; धाकट्याला तुम्ही सोबत जाऊ दिलं नाहीत. तुम्ही त्याच दिवशी, दिवे लागेपर्यंत, उरलेले सगळे ताके तपासलेत. एकही दोष तुमच्या नजरेतून सुटला नाही.

आठवडा उलटायच्या आत ते दोन ताके सापडले. मी तुमचा डबा घेऊन आले होते, दारातच उभी होते. ताण्याचे बीम रचून ठेवले होते त्यामागे, गोणपाटाखाली ते पडले होते. दोन्हींत एकेक तार कमी होती, आणि दोन विणकरांचा वाद मिटेपर्यंत ते वेगळे राहावेत म्हणून तुम्ही स्वतःच ते तिथे ठेवले होते. तुमची निळ्या खडूची फुली दोन्हींवर होती. मुकादम हसतच म्हणाला, "लो सेठ, ये तो आप ही का निशान है. अब भाभी को बुला लो, बात खतम." तुम्ही वाकलात आणि अंगठ्याने आधी एक फुली पुसलीत, मग दुसरी. "तेरे को किसने पूछा? किसी को बोलना नहीं." वळलात तेव्हा मी दिसले. "तू काय बगतंस? डबा ठेव न घरी जा."

दादा, ताके आपणच ठेवले हे विसरणं, ती आजाराची पहिली सावली असू शकेल. तेवढं मी तुम्हाला सोडून द्यायला तयार आहे. पण तुम्ही फुल्या पुसल्यात. विसरलेला माणूस काही पुसत नाही. लपवायला आठवण लागते.

दुसऱ्या दिवशी मी घरी न सांगता एसटीने अकलोलीला गेले. आई गरम झऱ्याच्या कुंडावरून येत होती, केस ओले, पदर खोचलेला; कढत पाण्याने गुडघ्यांना बरं वाटतं म्हणाली. मी तिला ताके सापडल्याचं सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की मला तो अजून सहन होत नाही. "गावले ना? मंग झालं. येतील आता न्यायला." तिने तिथल्या तिथे पिशवी भरली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली. मामी म्हणाली, "वाट कशाला बगायची? आपूनच जाऊ ना सोडायला." आई म्हणाली, "न्हाय. त्यांनी काडलं, त्यांनीच न्यावं." ती पिशवी खुंटीवरच राहिली. सणावाराला तिच्यातली साडी काढून नेसायची आणि धुऊन, घडी घालून परत तिच्यातच ठेवायची. आई गेली तेव्हा मी वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही आलात, पुरुषांत बसलात, सगळं रीतसर केलंत, आणि निघताना मामांना म्हणालात, "बाई चांगली व्हती, पन हट्टी." त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते मी जपून ठेवलं.

ते द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही उरला नव्हतात. तुमचा आजार पुरता उघड झाल्यावर मी रविवारी यायची, आणि तुम्ही मला आई समजू लागलात. तुमच्या खाटेशी बसले की माझं मनगट धरायचात. "कदी येतंस घरी?" मी आईच्याच बोलीत सांगायची, "न्हाय येनार." तुम्ही रडायचात, आवाज न करता, लहान मुलासारखे नाक ओढत. मग विसरायचात, पुन्हा विचारायचात, आणि मी पुन्हा तेच सांगायची. धाकटा एकदा चिडून म्हणाला, "ताई, व्हय म्हन की! तुजं काय जातंय?" मी म्हटलं नाही, आणि त्याची मला खंत नाही. खंत दुसरीच आहे. त्या खाटेवर रडणारा म्हातारा किटली सावकाश खाली ठेवणारा माणूस नव्हता. शिक्षा भोगायला तुम्ही भलत्याच कुणाला तरी पाठवून दिलंत आणि स्वतः निसटलात.

आणि आता तुम्हाला कायमचं निसटू द्यायला माझंच शास्त्र पुढे सरसावलं आहे. माझ्या हाताखाली एक तरुण डॉक्टर आहे, बुद्धीची तल्लख, फक्त वाक्यं अर्धवट सोडते. काही रुग्णांत विसरभोळेपणाच्या कितीतरी आधी स्वभाव पालटतो, हे आता पुढे येऊ लागलं आहे: संशय येतो, कोरडेपणा येतो, समोरच्याचं दुःख दिसेनासं होतं. एका बैठकीनंतर ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे घरचे ज्याला इतकी वर्षं दुष्टपणा म्हणत आले, ते खरं तर कदाचित..." "वाक्य पूर्ण करा," मी म्हणाले. "...आजारच असेल." मी तिच्या तक्त्यातली एक चूक दाखवून तिला परत पाठवलं. चूक खरी होती. पण त्या दिवशी मी दुसरं काही वाचू शकले नाही. आठवण शाबूत असतानाही माणूस आजारी असू शकत असेल, तर पुसलेल्या फुल्यांचा माझा पुरावा कोसळतो. तुम्हाला निर्दोष सोडणारं ज्ञान मीच माझ्या हाताने, इतक्या काळजीने, वर्षानुवर्षं घडवत आले होते.

पाटीवरचं तुमचं नाव खोडलं तेव्हा धाकटा गोदामातल्या एका रिकाम्या खोक्यावर बसला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, चार ट्रकचे ड्रायव्हर त्याला शेठ म्हणून हाका मारत बाहेर उभे, आणि तो बूट काढून पाय चोळत बसला. "ताई, एकच सांग. तवा दादा आजारी व्हते ना? तू डॉक्टर हायस. तू व्हय म्हनलीस तर माज्यासाठी इषय संपला." मी खोडलेल्या मजकुराचा कागद घडी करू लागले. तो म्हणाला, "मला आये आठवतच न्हाय गं. तुज्याकडं ती हाय. माज्याकडं दादाच हायेत. तेच तसले निघाले, तर माजं काय ऱ्हायलं?" माझ्या भावाने माझ्याकडे आयुष्यात एवढीच एक गोष्ट मागितली. मी त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, "नव्हते. पूर्ण शुद्धीत होते. जे केलं ते समजून केलं." बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याची शिटी वाजत राहिली. ती थांबल्यावर तो उठला, बूट घातले आणि म्हणाला, "मंग आयेचं नाव टाक." काल ती पाटी लागली. तुमच्या नातवंडांना त्यांच्या आजीचं नाव आधी ठाऊक नव्हतं. आता ते हायवेवरून वाचता येतं. तुमच्या फोटोचं त्याने काय केलं, ते मी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्याकडूनच आली आहे. मीही रक्त दिलं. माझ्या स्वतःच्या अभ्यासात नव्हे, दुसऱ्या शहरातल्या. आपलाच नमुना आपण हाताळणं मला गैर वाटतं. माझ्याही मेंदूत तो गाळ साचू लागला आहे. मी त्यांचा निष्कर्ष तीन वेगवेगळ्या बाजूंनी तपासून पाहिला, त्यांचं काम चोख आहे. मला रडू आलं नाही. साचला म्हणजे आजार होईलच असं नसतं, आणि झालाच तर कसा होतो हे मी जवळून पाहिलं आहे. भीती आहे ती निराळी: उद्या कुणी हुशार मुलगी माझं आयुष्य मागे उलगडत येईल आणि या पत्रापाशी थांबून म्हणेल, हा राग, हा पाटीचा हट्ट, भावाला दिलेलं ते निष्ठुर उत्तर, हे सगळं बिचारीच्या आजारानेच. मला ते 'बिचारी' नको. माझा राग मी विचारपूर्वक धरला आहे, तो माझा आहे. आणि माझा राग माझा राहायचा असेल, तर तुमचं दुष्कृत्यही तुमचंच राहायला हवं. दोघांपैकी एकालाच माफी मिळते असं होणार नाही, म्हणून कुणालाच नाही.

हे मी जपून ठेवणार नाही. माझी कपाटं आवरायला पुढेमागे धाकटाच येईल, आणि त्याने हे वाचलेलं मला चालणार नाही. त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'माहीत नाही' हे होतं. तुमचं त्या वेळचं रक्त कुणाकडे नाही, स्कॅन नाही, तुमच्याबद्दल तसं किंवा असं सांगता येईल असा काडीचाही आधार नाही. मी दिलं तसं ठाम उत्तर माझ्या विद्यार्थ्याने दिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. 'माहीत नाही' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, दादा. धाकटा पुन्हा विचारेल, तेव्हाही मी ते बोलणार नाही.