ठिणगीची लिव्हर

८ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं. अप्पा ऐंशीचे झाले तरी रोज गॅरेजात खुर्ची टाकून माझ्या एकेका बोल्टवर शेरा मारतात.

बातमी ही की त्यांची जुनी ब्रिटिश मोटरसायकल मी चालू केली. तीच, एका सिलिंडरची, रुंद हँडल, खडबडीत टायर, आणि वर चढवलेला तो सायलेन्सर, ज्याने तुझी पोटरी दोनदा भाजली होती. सव्वीस वर्षं ताडपत्रीखाली पडून पिस्टन जाम झाला होता. तीन महिने खपले. काल ती धडधडली तेव्हा शेजारचा शिंपी कात्री टाकून धावत आला.

किक मारण्याआधी हँडलवरची ठिणगीची लिव्हर मी तीनदा बघितली. ती मागे ओढलेली नसेल तर ठिणगी वेळेआधीच पडते आणि किक उलटी पायावर बसते, हे तुला मी काय सांगणार! म्हणून तर अप्पांचा दंडक होता, लिव्हर मागे घेतल्याशिवाय गाडीवरून उतरायचं नाही.

इथवर लिहून मी उगाच चहा करून आले. आता टाळत नाही.

तुझा पाय मोडला त्या दिवशी तू लिव्हर मागे घेऊनच उतरला होतास. नंतर मी पॉलिश लावून हँडल पुसायला घेतलं, लिव्हर पुढे ढकलली आणि तशीच विसरले. तू किक मारलीस आणि नडगीचे दोन तुकडे झाले. अप्पा म्हणाले, "ज्याला एवढं भान नाही, त्याच्या हाती गॅरेज देणार नाही." तेरा वर्षांची होते मी. सगळं कळत होतं, तरी मूग गिळून बसले. तू दुसऱ्या गावी टेबलावरची नोकरी धरलीस आणि गॅरेज माझ्याकडे आलं.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "त्याला तेव्हाच कळलं होतं गं. लिव्हरवर तुझी पॉलिशची बोटं उमटली होती. हॉस्पिटलात मला शपथ घातली त्याने. म्हणाला, बारकीला पान्यांचं वेड आहे, अप्पांना कळलं तर तिला पुन्हा गॅरेजात पाऊल ठेवू देणार नाहीत."

दादा, मी हमसून हमसून रडले. माझं काम, माझं नाव, रोज सकाळी शटर वर करतानाचा आनंद, हे सगळं तू मला दिलंस आणि एका शब्दानेही जाणवू दिलं नाहीस. तुझे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

आज अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग तो बोलला का नाही?"

"तुमच्यापुढे कुणाचं काय चाललंय?" आई आतून.

"मी त्याला विचारलंच नाही," अप्पा म्हणाले. मग मला म्हणाले, "लिही, ये म्हणावं." मी म्हटलं, एवढं तरी तुम्ही स्वतः लिहा. त्यांचे दोन कागद फाडून झाले, तिसऱ्यांदा या पत्राच्याच खाली लिहायचं ठरलंय.

तुझ्या गप्प राहण्यावर मोठी झालेली,
बारकी

चि. मोठ्यास आशीर्वाद. पाय कसा आहे? ये. न्यायला मी येतो.
अप्पा